तापाचे दिवस

आपल्या गोमंतकात दिवस मोजण्याची सवय घरोघरी आहे. मूल जन्मास आले की बाराव्या दिवशी बारसे. चतुर्थीचा गणपती दीड दिवसांचा की पाच दिवसांचा, हे घराण्यागणिक ठरलेले. सुतकाचे दहा दिवस तर कोणी चुकवीत नाही. परंतु घरातील लहानग्यास ताप आला आणि डॉक्टरांनी, "आज कितवा दिवस?" असे विचारले, म्हणजे सारे घर एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागते. "चार-पाच दिवस झाले असतील," असे मोघम उत्तर येते. ह्या 'असतील'मध्ये कधी कधी एका बालकाच्या हृदयाचे भवितव्य अडकलेले असते. हे विधान अतिशयोक्तीचे वाटण्याचा संभव आहे. ते तसे का नाही, हे सांगण्याकरिताच आम्ही लेखणी हाती घेतली आहे. आम्ही वैद्य नव्हे; मुलांना विज्ञान शिकविणे हा आमचा व्यवसाय. तथापि गेल्या काही वर्षांत दोन बालकांची दुखणी आम्ही अगदी जवळून पाहिली, त्यांच्या निमित्ताने पुष्कळ वाचले, जाणत्या डॉक्टरांना प्रश्न विचारून सतावले, आणि जे कळले ते आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत व त्यांच्या घरच्या मंडळींपर्यंत पोहोचावे असे वाटले.

पहिले मूल पेडणे तालुक्यातील, आमच्याच भावकीतील, चार वर्षांचा एक गोरागोमटा मुलगा. दिवस वैशाखाचे. मुलाला सडकून ताप भरला. तापाचे औषध दिले की तासभर उतरे आणि पुन्हा चढे. तिसऱ्या दिवशी त्याचे दोन्ही डोळे लाल झाले. घरच्यांनी म्हटले, उन्हात खेळला. चौथ्या दिवशी ओठ फुटून त्यांतून रक्त येऊ लागले आणि जीभ लालभडक होऊन तिच्यावर बारीक दाणे उठले. कोणी म्हणाले, रतांबे खाल्ले असतील. त्याच रात्री पोटावर व पाठीवर पुरळ आले. हे उष्णतेचे, असे शेजारणीचे मत पडले. जवळच्या दवाखान्यात ती औषधाची बाधा ठरून औषध बदलण्यात आले. पाचव्या दिवशी तळहात व तळपाय सुजून लाल झाले, मुलाला पाऊल टेकवेना. एवढा चालला म्हणून पाय सुजले, असे त्याचेही कारण निघाले. गंमत अशी की, प्रत्येक कारण आपापल्या जागी पटण्यासारखे होते. डोळ्यांना ऊन, जिभेला रतांबे, अंगाला उष्णता, पायांना चालणे! ही सारी एकाच रोगाची पावले असू शकतील, हे कोणाच्या ध्यानी येईना, कारण ती एका दिवशी एकत्र पडली नव्हती. डोळ्यांची लाली ओसरू लागली तेव्हा पाय सुजले. पाय दाखवावयास न्यावे तोवर पुरळ मावळले.

पण त्या घरात आजी होती. आजीला वाचता फारसे येत नसे. परंतु औषधाची वेळ चुकू नये म्हणून ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने रेघा ओढी, आणि नवे काही दिसले की त्या चौकोनात आपल्याला कळेल अशी खूण करी. सातव्या दिवशी मुलाला बांबोळीस नेले. १८४२ साली पणजीत स्थापन झालेल्या जुन्या वैद्यकशाळेचा वारसा सांगणारे आपले गोवा वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सारे 'गोमेकॉ' म्हणतात, ते आता तेथे आहे. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. आजी म्हणाली, "बाई, आज सातवा. दुपारी तीनला सात पुरे होतील." मग बाई खुर्ची ओढून आजीच्याच समोर बसल्या. डोळे कधी लाल झाले? त्यांतून चिपडे येत होती का? आजी म्हणाली, "नाही, डोळे कोरडेच होते. नुसते लाल." खोकला, सर्दी? "अजिबात नाही." मानेला गाठ? आजीने बोट ठेवून दाखविली, उजव्या कानाखाली, सुपारीएवढी. बाईंनी मुलाच्या जिभेकडे पाहिले, पावले हातांत घेतली, आणि वरिष्ठांना बोलावून आणले. सायंकाळपर्यंत रोगाचे नाव निश्चित झाले होते. ते नाव त्या घरात कोणी कधी ऐकलेले नव्हते. कावासाकी.

मोटारसायकलींमुळे हे नाव मुलांना परिचित असेल. त्या नावाशी ह्या रोगाचा काही संबंध नाही. १९६१ सालच्या जानेवारीत, म्हणजे आपला गोमंतक मुक्त झाला त्याच वर्षाच्या आरंभी, तोकियो येथील रेडक्रॉस रुग्णालयात तोमिसाकु कावासाकी ह्या बालरोगतज्ज्ञांपुढे असाच एक चार वर्षांचा मुलगा आला होता. असेच डोळे, असेच ओठ, असेच हातपाय. ज्ञात असलेल्या कोणत्याच रोगाशी त्याचे दुखणे जुळेना. मुलगा बरा होऊन घरी गेला आणि कावासाकींनी त्याच्या कागदावर 'निदान अज्ञात' असे लिहून ठेवले. आमच्या मते ह्या दोन शब्दांत फार मोठा प्रामाणिकपणा आहे. दुसरा एखादा डॉक्टर 'विषमज्वराचा निराळा प्रकार' किंवा असेच काहीसे लिहून मोकळा झाला असता, आणि मग पुढच्या वर्षी तसाच दुसरा मुलगा आला तेव्हा पहिल्याची आठवण होण्याचे कारण उरले नसते. कावासाकींना आठवण झाली. ते अशा मुलांची टिपणे जमवीत राहिले. ज्येष्ठांनी शंका घेतल्या, हा काही नवा रोग नव्हे असे बजावले. तरी १९६७ साली त्यांनी अशा ५० बालकांचा सविस्तर वृत्तान्त जपानी भाषेत प्रसिद्ध केला. रोगाला त्यांनी आपले नाव दिले नव्हते; ते जगाने दिले. २०२० सालच्या जूनमध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, ते वारले.

प्रारंभी खुद्द त्यांचीही अशी समजूत होती की, हा ताप आपोआप उतरतो व मागे काही ठेवीत नाही. बहुतेक मुले खरोखरच दोन-तीन आठवड्यांत हिंडू-फिरू लागत. पण १९७० च्या सुमारास जपानभर पाहणी झाली तेव्हा, बरी झालेली म्हणून समजली गेलेली काही मुले अचानक दगावल्याचे उघडकीस आले. आणि शवपरीक्षेत त्यांच्या हृदयाच्या धमन्या बिघडलेल्या आढळल्या. तेव्हा कोठे ह्या रोगाचे खरे स्वरूप कळले. डोळे, जीभ, त्वचा ही केवळ दर्शनी लक्षणे होत. मूळ विकार रक्तवाहिन्यांच्या भिंतींचा दाह हा आहे.

शाळेत आम्ही हृदयाची आकृती काढून दाखवितो तेव्हा मुलांना चार कप्पे लक्षात राहतात. परंतु त्या आकृतीवरून बारीक वेलींसारख्या पसरलेल्या दोन धमन्यांकडे लक्ष जात नाही. सर्व शरीरास रक्त पुरविणाऱ्या हृदयाला स्वतःलाही रक्त लागते, आणि ते ह्या करोनरी धमन्या आणतात. लहान मुलात त्यांचा व्यास जेमतेम २ मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीच्या आतील शिशाइतका! ह्या रोगात शरीराच्याच संरक्षक पेशी धमनीच्या भिंतीत घुसून तिचे लवचीक पापुद्रे पोखरतात. पोखरलेली भिंत आतील रक्ताच्या दाबाने फुगू लागते, जसा सायकलच्या जुन्या ट्यूबला एके ठिकाणी फुगा येतो. क्वचित हा फुगवटा ८ मिलिमीटरांच्याही पुढे जातो. रुंद झालेल्या भागात रक्त मंदावते, मंदावलेले रक्त गोठते, आणि मग साठी ओलांडलेल्या माणसाला यावा तसा हृदयविकाराचा झटका बालवयात येऊ शकतो. उपचार न झाल्यास १०० मुलांपैकी सुमारे २५ मुलांच्या धमन्यांत असा दोष निर्माण होतो. वेळीच उपचार झाले तर हेच प्रमाण ४-५ वर येते.

'वेळीच' ह्याचा अर्थ येथे अगदी स्पष्ट आहे: ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत. दहावा दिवस उलटला म्हणजे दारे बंद झाली असे मात्र नव्हे. ताप व दाह चालू असेल तर त्यानंतरही औषध देतात. पण भिंत पोखरली जाण्यापूर्वी दाह शमवावा, हे उत्तम. म्हणून तर आजीच्या रेघांचे मोल!

हे औषध काय आहे, ह्याचे आम्हांस फार कुतूहल होते. ते कोणत्या वनस्पतीचे नाही की कोणत्या रसायनाचे नाही. हजारो निरोगी माणसांनी दिलेल्या रक्तद्रवातून रोगप्रतिकारक प्रथिने वेगळी काढून, शुद्ध करून ते तयार करतात. त्यास इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे २ ग्रॅम, असे ते शिरेतून दहा-बारा तास संथपणे सोडावे लागते. आमच्या ह्या मुलाचे वजन १४ किलो. त्याला २८ ग्रॅम लागले. रात्रभर थेंब पडत होते, आणि प्रत्येक थेंबात न पाहिलेल्या कितीतरी माणसांचा अंश होता. ते दाह नेमका कसा शमविते, ह्याचा पूर्ण उलगडा शास्त्रज्ञांना अद्याप झालेला नाही. परंतु १९८४ साली जपानी व १९८६ साली अमेरिकन डॉक्टरांनी तुलना करून त्याचा गुण सिद्ध केला. औषध महाग आहे, आणि खासगी रुग्णालयात तो खर्च साधारण घराला जड जातो, हे येथे नमूद केले पाहिजे. दर १० मुलांमागे एखाद-दुसऱ्याचा ताप पहिल्या मात्रेने हटत नाही. त्यास दुसरी मात्रा किंवा स्टेरॉइडसारखी अन्य औषधे द्यावी लागतात. आमच्या मुलाचा ताप मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी उतरला आणि त्याने पेज मागितली. आठवडाभर अन्न नको म्हणणाऱ्या मुलाने मागितलेली ती पेज त्याची आई कँटीनमध्ये शोधत फिरत होती!

सोबत ॲस्पिरिनही देतात. एरवी मुलांच्या तापात ॲस्पिरिन देऊ नये, असे डॉक्टर बजावतात, कारण फ्ल्यू व कांजिण्यांसारख्या दुखण्यांत त्यापासून यकृतास व मेंदूस गंभीर अपाय होऊ शकतो. कावासाकी हा त्या नियमाला अपवाद आहे. ताप उतरल्यावर अल्प प्रमाणात सहा ते आठ आठवडे ते चालू ठेवतात, रक्त गोठू नये म्हणून. अर्थात हे सर्व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. घरच्या डब्यातील गोळी काढून देण्याचा हा विषय नव्हे.

वाचक विचारतील, रक्त तपासून हा रोग कळत नाही काय? नेमके तेच नाही. रक्तात दाहाच्या खुणा वाढलेल्या दिसतात, दुसऱ्या आठवड्यात बिंबाणू म्हणजे प्लेटलेट फार वाढतात. परंतु 'हा कावासाकीच' असे सांगणारी एकही चाचणी आजपर्यंत निघालेली नाही. रोगाचे कारणही अज्ञात आहे. तो एकापासून दुसऱ्यास होत नाही, एवढे मात्र खरे. पाच वर्षांखालील मुलांत तो अधिक, मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक. निदान होते ते पाहण्याने व ऐकण्याने. पाच दिवसांचा ताप, आणि डोळे, तोंड, त्वचा, हातपाय व मानेची गाठ ह्या पाचांपैकी चार ठिकाणची खूण, असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. ह्यांतील एखादी खूण येऊन गेली असली तरी ती धरावयाची असते. पण येऊन गेलेली खूण डॉक्टरांना दिसणार कशी? ती पाहिलेली असते घरच्यांनीच.

आपल्या मुलखात ह्याची आणखी एक अडचण आहे. येथे पावसाळा म्हणजे तापांचा हंगाम. डेंगी आहे, विषमज्वर आहे; आणि कोरड्या दिवसांत रानालगतच्या गावांतून माकडताप आहे. डेंगीत प्लेटलेट घटतात, कावासाकीत पुढे वाढतात; गोवरात खोकला असतो, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते आणि पुरळ चेहऱ्यापासून खाली उतरते. असे भेद आहेत. पण पहिल्या चार दिवसांत ते भल्याभल्यांना चकवितात, आणि जवळच्या डॉक्टरांनी आधी नेहमीचे ताप धरले तर त्यांस दोष देणे न्यायाचे होणार नाही. दुर्मीळ रोग दुर्मीळच असावयाचे. जपानात अलीकडच्या वर्षांत पाच वर्षांखालील एक लाख मुलांमागे दरसाल ३०० हून अधिक मुलांना तो झाल्याची नोंद आहे. आपल्या देशात तितका आढळत नाही. की तितका ओळखला जात नाही? चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत सुरजित सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून ह्या रोगाचा माग ठेवला, आणि डॉक्टर शोधू लागले तसतसे रुग्ण अधिक सापडू लागले, असा तेथील अनुभव आहे. २०२० साली कोरोनाच्या साथीत ह्याच्याशी साम्य असलेला एक दाहविकार मुलांत प्रथम युरोपात दिसला व पुढे आपल्याकडेही आला. तो रोग निराळा, आणि त्यात थोडी मोठी मुलेही सापडत. परंतु त्यामुळे कावासाकी हे नाव पुष्कळ डॉक्टरांच्या ओठी आले.

दुसरे मूल डिचोली तालुक्यातील. आमच्या एका सहकारी शिक्षकांची सात महिन्यांची कन्या. हिची गोष्ट पहिल्यासारखी सरळ नाही. हिला ताप होता आणि ती सारखी किरकिरत होती. बाकी काहीच धड दिसत नव्हते. जीभ साधी, मानेला गाठ नाही, पुरळ अर्धा दिवस आले आणि गेले. डोळे किंचित लाल झाले, तर घरासमोरून खाणीचे ट्रक जातात, त्यांची लाल धूळ गेली असेल असे ठरले. आणि डिचोलीत राहणाऱ्या कोणालाही ते खरे वाटावे! दृष्टही काढून झाली. आजीने देवळात कौल लावला. आम्ही त्यास हसत नाही. मूल तापाने फणफणत असता घरातील वडील माणसाला स्वस्थ बसवत नाही, आणि कौल लावूनही त्यांनी डॉक्टर सोडला नव्हता. आठव्या दिवशी बाळाला पुसून कपडे बदलताना आईला दिसले की, डाव्या दंडावर जन्मतःच टोचलेल्या बी. सी. जी. लशीचा जुना वण लाल होऊन फुगला आहे. तिला वाटले, किडा चावला. तरी तिने डॉक्टरांना तो दाखविला, आणि त्या वणाने सारे चित्र बदलले. ही खूण सर्वांत आढळत नाही. पण तान्ह्या मुलात ती दिसली तर कावासाकीचा संशय बळावतो. सहा-सात महिन्यांच्या आतबाहेरच्या बालकांत हा रोग असाच अर्धवट खुणांनी येतो, आणि हृदयाला धोका मात्र त्यांनाच अधिक. म्हणून तान्ह्या बाळाचा ताप कारणावाचून सात दिवस टिकला तर खुणा नसतानाही हृदयाची तपासणी करावी, असे तज्ज्ञ सांगतात.

ही तपासणी ध्वनिलहरींची असते. सुई नाही, वेदना नाही. छातीवर गार मलम लावून यंत्र फिरवितात व पडद्यावर धडधडणारे हृदय दिसते. मुलाने फक्त स्वस्थ पडावयाचे, आणि तेच कठीण! ह्या मुलीची तपासणी झाली तेव्हा डाव्या धमनीत लहानसा फुगवटा आधीच आलेला होता. त्याच रात्री, तापाच्या नवव्या दिवशी, तिला औषध सुरू झाले.

एके काळी पेडण्याच्या किनाऱ्याकडील गावांतून म्हापशास जावयाचे तर शापोऱ्याच्या पाण्यावर चोपडे-शिवोलीची फेरीबोट धरावी लागे, आणि रात्री मूल आजारी पडले तर पहाटेची वाट पाहावी लागे. आता पूल झाले. पेडण्याहून काय किंवा डिचोलीहून काय, बांबोळी चाळीस किलोमीटरांच्या आत आहे. १०८ क्रमांक फिरविला तर रुग्णवाहिका दारी येते. आमच्या पेडण्याच्या मुलाला त्या रस्त्याने जावयास दीड तासही लागला नाही. त्याआधीचे सात दिवस मात्र घरातच गेले होते.

त्याची दुसरी तपासणी दोन आठवड्यांनी व तिसरी आठव्या आठवड्यात झाली. दोन्ही वेळा धमन्या निर्दोष निघाल्या. मधल्या काळात त्याच्या बोटांच्या टोकांची कातडी, नखांपासून सुरू होऊन, कागदासारखी सोलून निघाली. सारेजण घाबरले, ती ह्या रोगाची शेवटची, निरुपद्रवी खूण आहे, असे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलेले फक्त आजीच्या लक्षात होते. ॲस्पिरिन थांबले. गोवर व कांजिण्यांच्या लशी अकरा महिने पुढे ढकलाव्या लागतात, कारण उसन्या प्रथिनांमुळे त्या लशींचा परिणाम होत नाही. म्हणून त्याच्या लसीकरणाच्या पत्रिकेवर लाल शाईने तारीख लिहिलेली आहे. तो आता बालवाडीत जातो व इतरांपेक्षा जास्त धावतो.

डिचोलीची कन्या अद्याप रोज पाव गोळी घेते. अशा लहान फुगवट्यांपैकी निम्म्याहून अधिक वर्षा-दोन वर्षांत पूर्ववत होतात, असे डॉक्टरांनी तिच्या वडिलांस सांगितले आहे. गेल्या खेपेस धमनीचे माप आधीपेक्षा थोडे कमी भरले. पुढचे माप येत्या मार्गशीर्षात घ्यावयाचे आहे.